घोड्याच्या रक्तातील इन्शुलिनची परीक्षा

घोडा लंगडू लागला की आपण आधी नालबंदाला बोलावतो. खिळा आत गेला का, खडा रुतला का, हे पाहिले जाते आणि ते योग्यच आहे. पण कित्येकदा टापेत काहीच सापडत नाही. घोडा पुढचे पाय पुढे ताणून, अंगाचा भार मागच्या पायांवर टाकून उभा राहतो. टापेला हात लावावा तर ती गरम लागते. हे दुखणे म्हणजे टापेच्या आतील पापुद्र्यांचा दाह. डॉक्टर त्याला लॅमिनायटिस म्हणतात. टापेतले हाड बाहेरच्या कवचाला याच पापुद्र्यांनी धरून ठेवलेले असते. ही पकड सुटली की हाड खाली खचते. आणि मग पुष्कळदा त्या मुक्या जनावराला वेदनेतून सोडविण्यासाठी मारावे लागते.

या दुखण्याची कारणे अनेक आहेत. त्यांतले एक मोठे कारण टापेत नसून रक्तात असते, आणि ते म्हणजे वाजवीपेक्षा जास्त इन्शुलिन.

इन्शुलिन हे नाव आपण मधुमेहाच्या संबंधात ऐकतो. जठरामागे असलेल्या स्वादुपिंडात तयार होणारा हा रस रक्तातली साखर अवयवांपर्यंत पोचवितो. आता तुम्ही म्हणाल, मग घोड्याची साखरच तपासावी, काम झाले! पण इथेच फसगत होते. माणसाचा मधुमेह घोड्याला क्वचितच होतो. त्याचे स्वादुपिंड दुप्पट, चौपट इन्शुलिन ओतून साखर ताळ्यावर ठेवते. साखर पाहावी तर ठीक, आणि इन्शुलिन मात्र चढलेले. 2007 साली ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी निरोगी तट्टांच्या रक्तात इन्शुलिन सतत सोडले, आणि साखर मात्र नेहमीच्या पातळीवर राखली. तीन दिवसांच्या आत त्या तट्टांच्या टापा दुखावल्या. म्हणजे अपराधी साखर नव्हे, इन्शुलिनच, हे त्यातून दिसून आले.

आता इन्शुलिन मोजायचे कसे? ते रक्तात इतके थोडे असते की वजनकाट्याचे तिथे काही चालत नाही. ही अडचण न्यूयॉर्कमधील रोझालिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांनी 1959-60 च्या सुमारास सोडविली. त्यांची युक्ती पंगतीच्या उदाहरणाने कळेल. समजा, पंगतीत पाट ठराविक आहेत. कपाळाला टिळा लावलेली माणसे आपण मोजून आत सोडली. त्यांच्याबरोबर बिनटिळ्याची माणसेही शिरली. ती किती, हे ठाऊक नाही. पाट भरले की बसलेल्यांचे टिळे मोजावे. टिळे कमी दिसले, तर बिनटिळ्याची माणसे जास्त आली, हे उघड आहे. पाट म्हणजे इन्शुलिनला पकडणारी प्रतिद्रव्ये, टिळ्याची माणसे म्हणजे किरणोत्सर्गी खूण केलेले इन्शुलिन, आणि बिनटिळ्याची म्हणजे तपासायच्या रक्तातले इन्शुलिन. या शोधासाठी यॅलोबाईंना 1977 साली नोबेल पारितोषिक मिळाले. बर्सन 1972 सालीच वारले होते. पुढे किरणोत्सर्गी खुणेऐवजी प्रकाश देणारी खूण वापरणाऱ्या पद्धतीही निघाल्या.

शिक्षकबंधूंनी वर्गात सांगावी अशी एक गोष्ट इथे आहे. इन्शुलिन म्हणजे 51 मण्यांच्या दोन जोडलेल्या माळा. माणसाच्या आणि घोड्याच्या माळांत फक्त दोन मणी वेगळे आहेत. पण तेवढ्या फरकानेही माणसासाठी केलेली परीक्षा घोड्याच्या बाबतीत चुकू शकते. म्हणून घोड्यासाठी पारखलेलीच पद्धत हवी. शिवाय एका प्रयोगशाळेचा आकडा दुसरीच्या आकड्याशी ताडून पाहू नये. दर खेपेस नमुना एकाच ठिकाणी पाठवावा.

नमुना घेण्याचेही नियम आहेत. साध्या परीक्षेसाठी घोड्याला वाळले गवत चालते, पण आधीचे चार तास दाणा देऊ नये. घोडा दुखण्याने विव्हळत असेल, घाबरला असेल, लांबून चालवून आणला असेल, तर आकडा फसवा येतो. शांत करण्याचे औषध द्यायचे असेल तर रक्त आधी घ्यावे. रक्तातला द्रव भाग लवकर वेगळा करून थंड ठेवावा, कारण तांबड्या पेशी फुटल्या तर इन्शुलिन नष्ट होऊ लागते. एका प्रचलित मोजमापात दर मिलिलिटरला 50 मायक्रोयुनिटांहून अधिक इन्शुलिन म्हणजे दोष नक्की, आणि 20 ते 50 म्हणजे संशय, असे मानतात. आकडा कमी आला तरी दोष नाहीच असे म्हणता येत नाही. अशा वेळी काही तास उपाशी ठेवून, वजनाच्या प्रमाणात मक्याचा गोड पाक पाजतात, आणि तासा-दीड तासाने पुन्हा रक्त घेतात. दोष असेल तर इन्शुलिन एकदम उसळलेले दिसते. आधीच लंगडणाऱ्या घोड्याला मात्र पाक न पाजता साध्या नमुन्यानेच सुरुवात करणे बरे.

ही परीक्षा कोणाची करावी? ज्याच्या मानेवर आयाळीखाली चरबीचा घट्ट वळ आला आहे, शेपटीच्या मुळाशी गाठोडे साठले आहे, आणि जो थोड्या चाऱ्यावरही फुगतो, त्याची आधी. घोड्याला हरभरा आणि गूळ चारण्याची आपली रीत जुनी. दिवसभर ओझे वाहणाऱ्या तट्टाला ती पचून जाई. पण दावणीला बांधून राहणाऱ्या, मिरवणुकीपुरत्या बाहेर निघणाऱ्या घोड्याला तोच लाड बाधू शकतो. अंग भरले म्हणजे तब्येत सुधारली, असे समजू नये.

दोष आढळला तर दाणा-गूळ बंद करावा, हिरव्या चरण्याला आळा घालावा, वाळले गवत तासभर पाण्यात भिजवून, पाणी टाकून देऊन घालावे; त्याने गवतातली साखर कमी होते. टापा दुखत नसतील तर रोज चालवावे. पण एकदम उपाशी ठेवू नये. लठ्ठ तट्टाच्या रक्तात चरबी उतरते आणि ते जिवावर बेतते. हे सारे जनावरांच्या डॉक्टरांच्या सल्ल्याने करावे आणि काही आठवड्यांनी रक्त पुन्हा तपासून घ्यावे. खचलेले हाड पूर्ववत बसविणे फार कठीण असते. चढलेले इन्शुलिन मात्र वेळीच कळले, तर बहुधा चाऱ्याने आणि चालण्याने खाली आणता येते.