बांधावरची काठी आणि कायद्याची हद्द

मृगाच्या तोंडावर नांगरट, कुळवणी सुरू झाली की बांधाची भांडणंही सुरू होतात. एक तास बांधात जास्त गेलं, पाईपलाईन फुटली, उसाच्या ट्रॅक्टरची वाट अडवली, एवढं कारण पुरतं. कराड असो की तासगाव, भांडणारे बहुधा भाऊबंदच असतात. ‘आमच्याच रानात आम्ही कुणाला भ्यायचं? स्वसंरक्षणाला कायद्याची मुभा आहे,’ असं बांधावर हमखास ऐकू येतं. मुभा आहे हे खरं. पण तिला हद्द आहे.

१ जुलै २०२४ पासून जुन्या दंड विधानाच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. तिची कलमं ३४ ते ४४ स्वसंरक्षणाची आहेत. आपल्या वा दुसऱ्याच्या जिवासाठी, तसंच मालमत्तेसाठी बळ वापरता येतं, पण जरुरीपुरतंच. आणि सरकारी यंत्रणेकडे धाव घ्यायला वेळ असेल, तर हा हक्क मिळत नाही. बांध काल कोरला आणि आज कुऱ्हाड घेऊन गेलो, हे संरक्षण नव्हे. तो सूड झाला.

मालमत्तेसाठी समोरच्याचा जीव जाईल इतकं बळ फक्त जबरी चोरी, रात्रीची घरफोडी, घर पेटवणं अशा मोजक्या प्रसंगीच माफ आहे. कुणी बांध कोरला किंवा चार ऊस मोडले म्हणून तशी सूट नाही.

सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल ध्यानात ठेवावेत. दोन्ही खटले जमिनीच्या वादातले. १९६२ च्या निकालातील आरोपींनी, समोरचे लोक पळत सुटले तरी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. धोका टळला तिथं हक्क संपला, असं सांगून न्यायालयाने त्यांना दोषीच मानलं. २०१० च्या निकालात बापावर धारदार हत्याराचा वार झाल्यावर मुलाने गोळी झाडली व हल्लेखोर मेला. तिथं मुलगा निर्दोष सुटला. जिवावर बेतलं असताना कुणी सोन्याच्या काट्यावर बळ तोलत बसत नाही, हे न्यायालयाने मानलं. गोळी दोन्हीकडे सुटली. फरक एवढाच, की एका ठिकाणी धोका समोर उभा होता आणि दुसरीकडे तो पाठ फिरवून पळत होता.

शिक्षेचा हिशेबही पाहू. साधी दुखापत केली तर एक वर्षापर्यंत कैद किंवा १० हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तीच कोयता-कुऱ्हाडीने केली तर कैद तीन वर्षांपर्यंत जाते. हाड मोडलं, दात पडला की ती ‘जबर दुखापत’ ठरते. तिला सात वर्षांपर्यंत कैद. जबर दुखापत धारदार हत्याराने केली तर कमीत कमी एक वर्ष, आणि जन्मठेपेपर्यंतही जाऊ शकते. अंगाला हात न लावता कुऱ्हाड उगारून धावून जाणं, हाही कायद्याने हल्लाच.

मोजणीला आलेले भूकरमापक, पंचनाम्याला आलेले तलाठी किंवा कृषी सहायक यांना कामात अडवण्यासाठी अंगावर जाणं हा वेगळा गुन्हा आहे (कलम १३२, दोन वर्षांपर्यंत कैद). मोजणी चुकली असं वाटलं तर हरकत लेखी द्या. गाव कामगारांनीही शब्द जपून वापरावेत. शब्दाने शब्द वाढतो आणि मग काठी निघते.

मग करावं काय? हद्दीचा वाद असेल तर भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज द्यावा. वहिवाटीचा रस्ता अडवला असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ खाली तहसीलदारांकडे सहा महिन्यांच्या आत दावा करावा. मारामारीचं चिन्ह दिसलं की पोलीस पाटलांना सांगून ठाण्यात नोंद करावी. मार बसला असेल तर आधी सरकारी दवाखान्यात जावं, जखमेची नोंद करून घ्यावी. तासगाव तालुक्यातील अंजनीचे आर. आर. पाटील गृहमंत्री असताना २००७ साली महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली, ती अशीच भांडणं गावात मिटावीत म्हणून. गावात समिती चालू असेल तर तिच्यासमोर बसावं.

पेरणीचा हंगाम एकदा हुकला की वर्ष जातं. खटल्यात तर दोन्हीकडची कर्ती माणसं वर्षानुवर्षं तारखांना गुंततात. तेव्हा या उन्हाळ्यातच मोजणीची ‘क’ प्रत काढून घ्या, आणि खुणेचे दगड शेजाऱ्याला सोबत घेऊन रोवा.