ब्रेकच्या लिव्हरची खिळी

सायकल चालवणाऱ्याचे लक्ष ब्रेकच्या लिव्हरकडे सहसा जात नाही. टायर पंक्चर झाला तर तो लगेच कळतो, साखळी कोरडी पडली तर ती कुरकुरते. लिव्हर मात्र वर्षानुवर्षे मुकाट्याने दाबला जातो आणि मुकाट्याने परत येतो. मग एखाद्या दिवशी उतारावर तो बोटांखाली डगमगतो, किंवा दाबला की दाबलेलाच राहतो. घरी आल्यावर उलगडून पाहावे, तो आतली इवलीशी खिळी झिजलेली असते किंवा स्प्रिंगचे टोक तुटलेले असते. दुकानात उत्तर मिळते, ‘खिळी सुटी येत नाही, पुरा लिव्हर बदला.’ कित्येकदा पुरा लिव्हरही एकटा मिळत नाही, जोडीच घ्यावी लागते. आणि चकतीच्या ब्रेकचा असेल तर तारेसकट, जबड्यासकट सगळा संच. जो भाग तळहातावर ठेवला तर दिसेनासा व्हावा, त्याच्या अभावी धडधाकट वस्तू भंगारात जाते. सायकलीवरून दूध किंवा वर्तमानपत्रे वाटणाऱ्याच्या दृष्टीने ही केवळ गैरसोय नव्हे. त्याची सकाळ त्या खिळीवर अडलेली असते.

पूर्वी असे नव्हते. १९५१ साली सोनपतला ॲटलासचा आणि १९५६ साली लुधियानात हीरोचा कारखाना निघाला. तेव्हापासून देशभर पसरलेल्या काळ्या, उंच सायकलींचे ब्रेक तारेचे नसून लोखंडी सळ्यांचे असत. लिव्हर दाबला की सळई वर खेचली जाई, तिच्या टोकाची कमान वर येई आणि रबराचे तुकडे रिमच्या आतल्या बाजूला घासत. दिसायला ही रचना बोजड खरी. पण तिचा प्रत्येक सांधा उघडा, प्रत्येक बोल्ट सुटा, प्रत्येक तुकडा पोलादाचा. गावच्या लोहारालाही ती पाहताक्षणी उमगे. तारेचा ब्रेकही काही नवा नाही. वेष्टणातून सरकणाऱ्या तारेचे पेटंट बाउडन यांनी ब्रिटनमध्ये १८९६ सालीच घेतले होते. बदलली ती लिव्हरची घडण. ओतीव ॲल्युमिनिअमच्या सुबक कवचात खिळी ठोकून बसवायची, ती पुन्हा निघावी अशी सोयच ठेवायची नाही, ही रीत कारखान्याला स्वस्त पडते. सुट्या खिळ्या वेगळ्या बांधून, त्यांना क्रमांक देऊन, वर्षानुवर्षे साठवून ठेवण्यात निर्मात्याला लाभ दिसत नाही. त्याचा हिशेब त्याच्या परीने बरोबर असेल, पण तो ग्राहकाच्या खिशातून पुरा होतो.

लिव्हर म्हणजे साधी तरफ. बोटे जिथे दाबतात ते अंतर खिळीपासून लांब, तार जिथे अडकते ते जवळ. हे प्रमाण साधारण चारास एक असे धरले, तर हाताने पंधरा किलोंचा जोर लावताच तारेवर साठ किलोंचा ताण येतो, आणि ज्या खिळीभोवती लिव्हर फिरतो तिच्यावरही जवळजवळ तेवढाच भार पडतो. हा हिशेब ध्यानात ठेवला की कुठे हयगय चालेल आणि कुठे चालणार नाही हे आपोआप कळते.

खिळीच्या जागी खिळा घालणे हा सर्वांत प्रचलित आणि सर्वांत वाईट उपाय. सुताराचा खिळा मऊ लोखंडाचा असतो. तो वाकतो, लवकर झिजतो आणि झिजताना भोकही वेडेवाकडे करतो. त्याहून बरा दिसणारा पण तितकाच फसवा उपाय म्हणजे टोकापासून डोक्यापर्यंत आटे पाडलेला बोल्ट. आट्यांच्या धारा म्हणजे एक कानसच. प्रत्येक दाबासरशी ती ॲल्युमिनिअमचे भोक थोडेथोडे खात जाते. हवा असतो तो असा बोल्ट, ज्याचा मधला भाग गुळगुळीत आहे आणि लिव्हरचे भोक नेमके त्या गुळगुळीत भागावर बसते. डोक्यावर ८.८ असा आकडा कोरलेला असेल तर पोलाद पुरेसे बळकट आहे असे समजावे. बोल्ट लांब असला तर जादा आटे कापून टाकावेत. आखूड असला तर तो नकोच. नट नायलॉनचे कडे बसवलेला घ्यावा, म्हणजे तो आपणहून सैल होत नाही. तो फार आवळू नये. लिव्हर बाजूला हलू नये, पण सोडताच विनासायास परतावा, इतपतच.

बहुधा खिळीबरोबर भोकही लांबट झालेले असते. अशा वेळी नुसती जाड खिळी घातली तर ती भोकाच्या दोन टोकांवर टेकते आणि महिन्याभरात खडखड पुन्हा सुरू होते. भोक रीमरने गोल करून त्यात पितळेची पातळ बुशी बसवावी. खिळी फिरेल ती बुशीत. असली बुशी लेथवर करून देणारा कारागीर औद्योगिक वसाहत असलेल्या बहुतेक शहरांत सापडतो. मोठ्या कारखान्यांची कामे घेणारा माणूस एका बुशीसाठी यंत्र थांबवील का, हा प्रश्न रास्त आहे. जुनी खिळी आणि लिव्हर दोन्ही हातात घेऊन, माप सांगण्याऐवजी वस्तूच दाखवली, तर बहुधा थांबवतो.

आट्यांच्या बाबतीत एक सापळा जुन्या सायकलींत दडलेला असतो. इंग्लंडमध्ये १९०२ साली सायकलीच्या आट्यांचे जे प्रमाण ठरले, त्यात इंचाला सव्वीस आटे असत. मेट्रिक प्रमाणात सहा मिलिमीटरच्या नेहमीच्या बोल्टची चाल एक मिलिमीटर. इंचाचे सव्वीस भाग केले तर एक भाग ०.९८ मिलिमीटरच्या आसपास येतो. फरक इतका थोडा, की पाव इंची आट्यांच्या भोकात सहा मिलिमीटरचा बोल्ट बेमालूम शिरतो. शिरतो, पण धरत नाही. आट्यांची केवळ टोके एकमेकांना चिकटतात. जोराने आवळले की ती टोके सोलून निघतात, आणि मग ना इंग्रजी बोल्ट बसत ना मेट्रिक.

तारेच्या टोकाची घुंडी हा सर्वांत नाजूक विषय. लिव्हरच्या खोबणीत अडकणारी ही घुंडी कधी नळकांड्याच्या आकाराची असते, कधी नासपतीच्या. दोन्ही टोकांना दोन आकाराच्या घुंड्या असलेल्या तारा मिळतात. नको ती कापून टाकायची. पण लिव्हर जुना, आकार निराळा, आणि जुळणारी तारच मिळेनाशी झाली, तर घुंडी घडवावी लागते. पितळेच्या सळईचा तुकडा घ्यावा, त्याला तारेच्या जाडीइतके भोक पाडावे आणि भोकाचे एक तोंड नरसाळ्यासारखे पसरट करावे. तार ओवून तिचे धागे त्या नरसाळ्यात फुलासारखे उमलवावेत, किंचित मागे वळवावेत, आणि पोकळी कथील-शिशाच्या डाखाने भरून काढावी. ताण आला की उमललेले धागे नरसाळ्यात पाचरीसारखे रुततात. भार केवळ डाखावर राहत नाही. धागे न उमलवता सरळ तारेला डाख दिला, तर घुंडी दिसते तशीच, पण नेमकी गरजेच्या वेळी तारेवरून निसटते. हा डाख सुमारे १९० अंश सेल्सिअसला वितळतो, तेवढ्या उष्णतेने तारेचे पाणी उतरत नाही. अधिक बळकटी यावी म्हणून पितळेचा पक्का डाख देण्याचा मोह कित्येकांना होतो; त्या लालबुंद उष्णतेने ताणून घडवलेली तार मऊ पडते आणि घुंडीच्या कडेलाच तुटते. स्क्रूने आवळण्याच्या तयार घुंड्याही मिळतात; त्या गियरच्या तारेला ठीक, ब्रेकच्या नव्हे.

स्प्रिंगच्या बाबतीत इतकी भीती बाळगण्याचे कारण नाही. पुष्कळ तारेच्या ब्रेकांत लिव्हरला परत ढकलण्याचे काम मुख्यतः चाकाजवळची स्प्रिंगच करते. लिव्हरची स्वतःची स्प्रिंग तुटली तर तो सैल वाजतो, एवढेच. तरी ती करून बसवणे अवघड नाही. पियानोची तार या नावाने ओळखली जाणारी पोलादी तार साधारण एक मिलिमीटर जाडीची घ्यावी आणि हव्या त्या व्यासाहून थोड्या बारीक सळईवर गुंडाळावी, कारण सोडताच ती थोडी उलगडते. सतारीची तारही त्याच कुळातली, पण या कामाला फारच बारीक. चाकाची जुनी आरी वाकवून स्प्रिंग करणारे मिस्त्री आहेत. ती काही दिवस चालते आणि मग दम सोडते.

ॲल्युमिनिअमचा लिव्हर वाकला किंवा त्याला बारीक चीर दिसली, तर तेथे कौशल्य आवरते घ्यावे. पोलादी लिव्हर तापवून सरळ करता येतो. ओतीव ॲल्युमिनिअम सरळ करताना आतून फाटते, आणि जोडकामाच्या उष्णतेने त्याचे बळ घटते. तेलाच्या ब्रेकांचीही हीच कथा. त्यांच्या लिव्हरमध्ये खिळीच्या जोडीला दट्ट्या आणि त्यावरचे रबरी कडे असते. ते कडे झिजले की लिव्हर पिचपिचीत लागतो, तेल पाझरते. काही ब्रेकांत खनिज तेल असते, काहींत डॉट प्रतीचा द्रव. एकाला मानवणारे रबर दुसऱ्यात फुगते: डॉट द्रवासाठीचे ईपीडीएम रबर खनिज तेलात बिघडते, आणि खनिज तेलाला चालणारे नायट्राइल रबर डॉट द्रवात टिकत नाही. त्यामुळे मापाने जुळणारे कडे मिळाले तरी जातीने ते जुळेलच असे नाही. निर्माता कडे विकत नसेल, तर तो ब्रेक काढून त्या जागी तारेने चालणारा चकतीचा ब्रेक बसवणे हाच शहाणपणाचा मार्ग. त्याची प्रत्येक खिळी निदान डोळ्यांना दिसते.

या प्रश्नाकडे सरकारांचे लक्ष गेले आहे. भारताच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि शेतीची अवजारे, मोबाइल व तत्सम उपकरणे, घरगुती टिकाऊ वस्तू आणि मोटारवाहने ही चार क्षेत्रे प्रथम हाती घेतली. युरोपीय संघाने जून २०२४ मध्ये याविषयीचा निर्देश मंजूर केला. सायकलीच्या खिळीपर्यंत ही पावले पोचेतो मिस्त्रीच्या डब्यातली जुन्या लिव्हरांची रास हेच तिचे कोठार आहे. म्हणून निकामी झालेला लिव्हर फेकण्यापूर्वी त्यातली चांगली खिळी, स्प्रिंग, तार ताणण्याचा स्क्रू काढून ठेवणारा दुकानदार गिऱ्हाइकांचा खरा मित्र म्हणावा.

दुरुस्त केलेला लिव्हर उतारावर नेऊन तपासू नये. प्रथम सायकल उभी करून तो पूर्ण जोराने दहा-वीस वेळा दाबावा आणि घुंडी, खिळी, नट पुन्हा पाहावेत. नंतर सायकल हाताने ढकलत नेऊन पुढचा ब्रेक एकदम लावावा. मागचे चाक उचलले गेले पाहिजे. मग सपाट, रिकाम्या रस्त्यावर सावकाश. आठवड्याने नट पुन्हा एकदा तपासावा, कारण नवी बुशी थोडी बसते आणि पहिल्या दिवशी घट्ट वाटलेला सांधा तेव्हा किंचित सैल झालेला आढळतो.