पेडलची लय आणि वाढते वय

फ्रान्सचे रोबेर मार्शाँ यांनी शंभरी पूर्ण केल्यावर, २०१२ मध्ये, तासाभरात २४.२५ किलोमीटर सायकल चालवली. २०१४ मध्ये, वयाच्या १०२व्या वर्षी, त्यांनी २६.९२७ किलोमीटर अंतर कापले. त्यांच्या सरावाचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञांना असे आढळले की, त्यांची कमाल हृदयगती जवळपास पूर्वीइतकीच होती; मात्र पेडल फिरवण्याची कमाल गती मिनिटाला ६९ फेऱ्यांवरून ९० पर्यंत गेली होती. विशेष म्हणजे, सरावाचा ऐंशी टक्के भाग हलक्या श्रमांचा होता.

दूरच्या पल्ल्यावर निघणाऱ्या ज्येष्ठांसाठी यातला मुद्दा मोलाचा आहे. वेग तोच ठेवून जड गिअरवर सावकाश पेडल मारले, तर प्रत्येक फेऱ्यात अधिक जोर लावावा लागतो आणि तो भार मांड्यांच्या स्नायूंवर व गुडघ्यांवर येतो. हलक्या गिअरवर भरभर फिरवले, तर गुडघे सुटतात, पण हृदय व फुप्फुसांचे काम वाढते. शर्यतीतले तरुण मिनिटाला नव्वद फेरे घेतात, कारण त्यांना फार मोठी शक्ती लावायची असते. त्यांचे अनुकरण कशाला? कमी शक्तीने चालवताना ५० ते ६० फेऱ्यांच्या आसपास प्राणवायू सर्वांत कमी लागतो. गुडघ्यांचाही विचार करता ६० ते ७५ ही मर्यादा बहुतेकांना मानवते, असे आमचे मत आहे.

फेरे मोजायला यंत्र नको. उजवा गुडघा पंधरा सेकंदांत किती वेळा वर येतो ते मोजून चारने गुणावे. सोबत मागून येणाऱ्या मुलाने किंवा सुनेने मोजले तर अधिक बरे. चढ लागण्याआधीच गिअर हलका करावा. आपल्याकडची बिनगिअरची जुनी सायकल एका फेऱ्यात पाच मीटरांहून थोडी अधिक पुढे जाते, म्हणजे साठ फेऱ्यांना ताशी अठरा-एकोणीस किलोमीटर वेग होतो. तो झेपत नसेल, तर फेरे कमी होऊ द्यावेत; चढावर उतरून चालावे. सीट फार खाली असेल, तर कोणतीही लय गुडघ्यांना सोसत नाही. पेडल तळाशी असताना गुडघा किंचित वाकलेला राहावा.

रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर गटातील औषध चालू असल्यास नाडी श्रमांच्या मानाने वाढत नाही, म्हणून मनगटावरच्या घड्याळातील आकड्यावर विसंबू नये. सायकल चालवताना पूर्ण वाक्य बोलता येते का, हे सोबत्याने अधूनमधून विचारून पाहावे. छातीत दडपण किंवा चक्कर जाणवल्यास तत्काळ थांबून वैद्यकीय मदत घ्यावी.