लेक चालली फटफटीवर

मुलगी अमेरिकेच्या नौदलात गेली, हे न्यू जर्सीतल्या आमच्या मराठी मंडळींच्या पचनी पडायला दोन वर्षं लागली. 'इंजिनिअरिंग नाही? निदान फार्मसी तरी?' असं विचारणाऱ्या काकू आता कुठे तिच्या युनिफॉर्ममधल्या फोटोचं कौतुक करायला लागल्या होत्या. तेवढ्यात तिचं पोस्टिंग जपानला झालं, योकोसुकाच्या तळावर. तिथे जाऊन चार महिने होतात न होतात तोच एका रविवारी फोनवर म्हणाली, "आई, मी मोटरसायकल घेतेय. नवी कोरी. तू आधी सगळं ऐकून घे, मग बोल."

मी काही बोललेच नाही. आमच्या घरात मोटरसायकल हा विषयच निघत नाही. माझा दादा १९८९ साली खंबाटकी घाटात गेला. फटफटीवरून येताना. हेल्मेट होतं हो त्याच्याकडे, पण ते हँडलला अडकवलेलं. लग्नानंतर ह्यांनी आपली लाडकी बुलेट विकून टाकली. का विकली ते मी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. लेकीने मामाला पाहिलंय ते फक्त भिंतीवरच्या फोटोत.

पंचवीस वर्षांच्या कमावत्या मुलीला, तीही जहाजावर रडारचं काम करणारी, नाही म्हणायची काही सोय असते का? मग मी आपली माहिती काढत बसले. आणि आईने वाचू नये असा एक आकडा नेमका सापडला. ऑक्टोबर २००८ पर्यंतच्या एका वर्षात अमेरिकेचे २५ मरीन सैनिक मोटरसायकलच्या अपघातात गेले, आणि त्याच काळात इराकमध्ये शत्रूच्या हातून गेले ते २०! लढाईवरून जिवंत परत आलेली तरणीताठी पोरं, खिशात साठलेला पगार आणि खाली वेगवान गाडी. मला तर सरळ दादाच आठवला. तो लढाईवरून आला नव्हता, ऑफिसातून येत होता, एवढाच काय तो फरक.

लेकीला मी हा आकडा ऐकवला. ती म्हणाली, "आई, हे आम्हाला वर्गात शिकवतात."

हा वर्ग म्हणजे काय, ते जरा सविस्तर सांगते, कारण मला त्यातलं काहीच माहीत नव्हतं. आपल्याकडे भाऊ मागे बसतो, मैदानात दोन चकरा मारतो आणि झालं शिक्षण! अमेरिकी सैन्यात मात्र मोटरसायकल चालवायची तर आधी सुरक्षेचा अधिकृत कोर्स पुरा करावा लागतो, आणि हा नियम परदेशातल्या तळांवरही लागू. नौदल तो फुकट देतं. थोडा वेळ वर्गात, बाकी सारा मोकळ्या पार्किंगमध्ये प्लॅस्टिकचे शंकू मांडून. क्लच कुठे धरतो ते आधी ओळखायचं, मग शंकूंमधून नागमोडी जायचं, अचानक ब्रेक दाबून गाडी सरळ उभी करायची, वळणाआधीच वेग कमी करायचा. आणि एक गोष्ट पुनःपुन्हा सांगतात, जायचंय तिकडे बघा. खड्ड्याकडे बघाल तर खड्ड्यातच जाल.

शिवाय प्रत्येक युनिटमध्ये या मोटरसायकलवाल्यांवर लक्ष ठेवायला एक माणूस नेमलेला असतो. कोणाकडे गाडी आहे, कोणाचा कोर्स झालाय, सगळं त्याच्या वहीत. हेल्मेट, डोळ्यांना संरक्षण, पूर्ण बाह्या, लांब पँट, सगळी बोटं झाकणारे हातमोजे आणि घोटा झाकणारे बूट. यातलं काहीही हँडलला अडकवून चालत नाही. ड्यूटीवर नसतानाही नाही, तळाबाहेरही नाही. हे ऐकलं तेव्हा मी पहिल्यांदा नीट श्वास घेतला.

जपानमध्ये गाड्या आपल्यासारख्या डाव्या बाजूने चालतात. तिच्याबरोबरची अमेरिकेत वाढलेली मुलं पहिले काही दिवस चौकात गोंधळायची म्हणे. हिला मात्र त्याचं काही विशेष वाटलं नाही. लहानपणी सुट्टीत साताऱ्याला आजोबांच्या स्कूटरवर पुढे उभी राहून सगळा गाव पालथा घातलेला, तो असा कामी आला.

आता गाडी. तळावरून अमेरिकी बनावटीची गाडी मागवून ती थेट मायदेशी पोहोचवून घ्यायची सोय असते. पण हिला ती चालवायची होती तिथेच, टोकियोच्या उपसागरालगतच्या रस्त्यांवर. म्हणून जपानी दुकानातून घेतली. तिथल्या बाजारासाठी बनलेली गाडी अमेरिकेत नेऊन रस्त्यावर आणणं महाकठीण, तिकडचे प्रदूषणाचे आणि सुरक्षेचे नियम वेगळे. त्यामुळे बदली झाली की पोरं आपली गाडी पुढच्या बॅचला विकून मोकळी होतात. तळावर जुन्या गाड्या विकायला लावतात त्या जागेला म्हणे 'लेमन लॉट' म्हणतात!

कागदपत्रंही भरपूर. सैन्याचा वेगळा वाहन परवाना, जपानचा सक्तीचा विमा (तो फक्त समोरच्या माणसाला झालेल्या इजेपुरता), वर तळाच्या नियमाप्रमाणे आणखी एक विमा. २५० सीसीच्या वरची गाडी असेल तर नवी असताना तीन वर्षांनी आणि मग दर दोन वर्षांनी सरकारी तपासणी.

हिने घेतली होंडाची जीबी ३५०. ह्यांनी नाव ऐकलं आणि तडक इंटरनेट उघडलं. अन् काय आश्चर्य! ही गाडी मुळात आपल्या भारतासाठी तयार केलेली. बुलेटच्या चाहत्यांना आपल्याकडे ओढायला होंडाने २०२० साली भारतात 'हायनेस सीबी ३५०' आणली, आणि २०२१ मध्ये तिचंच भावंड जीबी ३५० या नावाने जपानमध्ये आलं. तिकडची गाडी त्यांच्या कुमामोतोच्या कारखान्यात तयार होते. किंमत सुरुवातीला साडेपाच लाख येन होती. एकच सिलिंडर, हवेवर थंड होणारं इंजिन, आणि आवाज... लेकीने फोन सायलेन्सरपाशी धरला. ह्यांनी डोळे मिटून ऐकलं. बराच वेळ.

वजन १८० किलो! आमची लेक ५२ किलोची. आडवी पडली तर उचलणार कोण? तर त्याचीही युक्ती असते. गाडीकडे पाठ करायची, खाली बसायचं, हँडल आणि मागची पकड धरायची आणि कंबरेने नव्हे, पायांच्या जोरावर मागे रेटत उठायचं. तिने व्हिडिओ पाठवला. पाणी भरलेला हंडा उचलताना माझी आजीसुद्धा हेच सांगायची, पायात जोर घे, कंबरेत नको.

"पूजा केलीस का गं?" मी विचारलं. नारळ, हळदकुंकू, हँडलला लिंबू-मिरची, एवढं तरी नको का? ती हसतच सुटली. "आई, अमेरिकेत फसव्या गाडीलाच लेमन म्हणतात, आणि तू लिंबू बांधायला सांगतेस!" पण चार दिवसांनी फोटो आला. कावासाकी शहरात कावासाकी दाइशी नावाचं मोठं बौद्ध मंदिर आहे (मोटरसायकलच्या कंपनीशी त्याचा संबंध नाही बरं). तिथे वाहनांच्या सुरक्षिततेच्या प्रार्थनेसाठी वेगळी इमारतच आहे. लोक नव्या गाड्या घेऊन येतात, भिक्षू मंत्र म्हणतात आणि प्रवास सुखरूप व्हावा म्हणून कापडी ताईत मिळतो. त्याला ओमामोरी म्हणतात. म्हणजे दसऱ्याला आपण करतो तेच की! हिने लाल ताईत घेतला आणि किल्लीला अडकवला.

भीती गेली का म्हणाल, तर नाही. 'पोचले' असा मेसेज येईपर्यंत माझा हात कशाला लागत नाही. मात्र मी तिला गाडी काढण्याआधी टायर, ब्रेक, दिवे, ऑइल, साखळी तपासलीस का, हे क्रमाने विचारते. ती क्रमाने उत्तरं देते. दादाला हे कुणी विचारलं नव्हतं.

सध्या जहाज समुद्रावर आहे. कुठे, ते आम्हालाही सांगत नाहीत. गाडी कव्हर घालून उभी आहे, टाकी भरलेली, बॅटरीची वायर काढलेली. ओमामोरी वर्षभराने देवळात परत करून नवा घ्यायचा, अशी तिथली रीत. हिचं वर्ष मार्चमध्ये भरतंय आणि जहाज लवकरात लवकर मे महिन्यात परतेल. "दोन महिन्यांनी काही बिघडत नाही गं," असं तिने ईमेलमध्ये लिहिलं. मी ऐकलं नाही. किल्ली जिच्याकडे ठेवलीय त्या टेक्सासच्या मैत्रिणीचा नंबर मागून घेतला. बिचारी तयार झाली, मार्चच्या पहिल्या रविवारी जाणार आहे. मी फोन ठेवणार एवढ्यात हे बाजूने हळूच म्हणाले, "अगं, तिला म्हणावं, बॅटरी जोडून एकदा इंजिन चालू कर... आणि फोन जरा जवळ धर."