गोठलेल्या जमिनीवरचा रस्ता

मंडळी, मागच्या वेळी आपण ‘आधार’ या शब्दापाशी थांबलो होतो. आज तोच धागा जरा वेगळ्या मुलखात नेऊ. पायाखालची जमीन घट्ट आहे असं आपण म्हणतो. ती कशामुळे घट्ट आहे, हे विचारत नाही. सह्याद्रीत विचारायची गरजही नसते, खाली काळा पत्थर आहे. अलास्का, सायबेरिया, तिबेटचं पठार इथं मात्र उत्तर येतं: ती गोठलेली आहे म्हणून घट्ट आहे. सलग दोन वर्षं तरी शून्य अंशावर किंवा त्याखाली राहिलेल्या जमिनीला पर्माफ्रॉस्ट म्हणतात. तिचा वरचा पातळ थर उन्हाळ्यात वितळतो, हिवाळ्यात परत गोठतो. त्यावरचं शेवाळ म्हणजे गोधडीच, पण उलटी. आतली थंडी सांभाळणारी.

१९४२ साली अमेरिकन सैन्यानं अलास्का महामार्ग बांधायला घेतला. आधी जागा साफ करायची, हा आपला सगळ्यांचाच रिवाज. बुलडोझरनं झाडोरा, शेवाळ खरवडून काढलं. गोधडी गेली, खालचा बर्फ वितळला आणि यंत्रं चिखलात रुतली. मग शेवाळ तसंच ठेवून वर आडवे ओंडके अंथरायचे आणि त्यावर भराव टाकायचा, असं सुरू झालं. कॅनडातला इनुविक ते टक्टोयाक्टक रस्ता २०१७ साली खुला झाला, तोही याच विचाराचा. जमीन न खोदता वर कापड अंथरून भराव, आणि काम मुख्यतः हिवाळ्यात.

पण रस्ता स्वतःच ऊब देतो. काळं डांबर ऊन पितं, हे समजतं. बाजूला लोटलेला बर्फही ऊब धरतो, हे चटकन पटत नाही. तो थर कडाक्याची थंडी जमिनीपर्यंत पोचूच देत नाही, म्हणजे पुन्हा गोधडी, आणि या वेळी नको तिथं!

यावरचा उपाय आम्हाला फार आवडतो. जमिनीत एक बंद नळी उभी पुरतात, आत थोडा अमोनिया. हिवाळ्यात खालची जमीन वरच्या हवेपेक्षा उबदार असते. खालचा द्रव त्या उबेनं वाफ होऊन वर जातो, थंड होतो, थेंब होऊन खाली उतरतो आणि दर फेरीत जमिनीतली उष्णता बाहेर टाकतो. उन्हाळ्यात वरचं टोक गरम, म्हणून फेरी आपोआप बंद. वीज नको, पंप नको. २००६ साली ल्हासापर्यंत पोचलेल्या चिनी रेल्वेनं सुमारे ५५० किलोमीटर गोठलेली जमीन ओलांडली, ती अशा नळ्या, मोकळ्या दगडांचे भराव आणि लांबच लांब पूल यांच्या जोरावर. दगडांच्या फटींतून हिवाळ्यातली जड, थंड हवा खाली उतरते. उन्हाळ्यातली हलकी हवा वरच राहते.

आता नीट पाहा. यातलं काहीही जमिनीला ‘मजबूत’ करत नाही. इथं स्थिर हा जमिनीचा गुणधर्म नाही, दर हिवाळ्यात नव्यानं कमवायची ती अवस्था आहे. आणि हे सगळे उपाय हिवाळा पुरेसा कडक असेल, हे गृहीत धरतात. तेच गृहीतक आज हलतंय. अलास्कातल्या डेनाली राष्ट्रीय उद्यानाचा एकमेव रस्ता ऑगस्ट २०२१ मध्ये निम्म्यावर बंद करावा लागला. डोंगरउतारातला बर्फ वितळून रस्त्याचा तुकडा खाली सरकत होता, आणि भर घालण्याचा वेग घसरण्याच्या वेगाला पुरेना. शेवटी त्या उताराला स्पर्शच न करता वरून पूल टाकायचं ठरलं.