लेकीची फणेरपेटी

गाळप संपले, उसाची शेवटची गाडी काट्यावरून गेली, की रिकामे हात स्वस्थ बसू देत नाहीत. गेल्या वैशाखात लेकीचे लग्न निघाले. तिच्या आजीची फणेरपेटी वाळवीने खाल्लेली. आरसा, फणी, मेणाची डबी, कुंकवाचा करंडा असा सारा संसार त्या पेटीत मावायचा. तशी पेटी आपणच करून द्यायची, असे मी घरात बोलून बसलो.

सबंध अक्रोडाचे लाकूड आपल्याला कुठले परवडणार! फर्निचरवाल्याकडे विनियरचे तुकडे मिळाले. विनियर म्हणजे लाकडाचा पापुद्रा, जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड. वरून अमेरिकन अक्रोड, आतून साधा प्लाय. ही काही फसवणूक नव्हे. एकोणिसाव्या शतकात मुंबई-सुरतेचे कारागीर चंदनी पेट्यांवर असेच पातळ काप बसवीत. हस्तिदंत, आबनूस, कथिल यांच्या बारीक काड्यांची जुडी चिकटवायची आणि काकडीसारखे आडवे काप काढायचे. इराणातून आलेली ही सादेली कला ‘बॉम्बे बॉक्स’ म्हणून विलायतेत गाजली. हस्तिदंताचा व्यापार आता कायद्याने बंद आहे, ते बरेच झाले.

मी झाकणाला वरून विनियर लावले आणि उन्हात ठेवले. दुपारपर्यंत कडा वर उचलून झाकण परातीसारखे खोलगट! लग्नाला पंधरा दिवस राहिलेले. मंडळी म्हणाली, “अहो, स्टीलचा डबा घ्या अन् मोकळे व्हा.” गावातल्या मिस्त्रींना दाखवले. ते हसले, “दादा, एकाच अंगाला कपडा घातला, मग ते वाकणारच की!” सरसाच्या पाण्याने पापुद्रा फुगतो, वाळताना आकसतो आणि फळीला आपल्याकडे ओढतो. दुसऱ्या अंगालाही तसाच पापुद्रा असला, तर दोन्हीकडची ओढ सारखी होते.

पुन्हा पहिल्यापासून. आतल्या अंगाला सागाचे स्वस्त विनियर आधी लावले. फेविकॉल पापुद्र्याला नव्हे, फळीला, तोही पातळ. वर प्लास्टिकचा कागद, सपाट फळी आणि खताची दोन पोती, रात्रभर, सावलीत. मग मिस्त्रींनी खरी खुबी सांगितली: झाकण वेगळे करायचेच नाही. सहाही बाजूंनी बंद खोकेच जोडायचे, बाहेरून अक्रोड चढवायचा आणि मग बारीक दाताच्या करवतीने वरचा भाग कापून काढायचा. कापायच्या रेषेवर चिकटपट्टी लावली की पापुद्रा चिरफाळत नाही. झाकण मिटले की लाकडाच्या रेघा खालून वर सलग जातात. सांधा शोधावा लागतो.

पॉलिश चपडी लाखेचे. लाख ज्या स्पिरिटमध्ये विरघळते, ते आपल्याच उसाच्या मळीपासून होते, हे किती सभासदांना ठाऊक आहे? मात्र पॉलिशचे स्पिरिट विषारी केलेले असते. बाटली लेकरांच्या हाती लागता कामा नये.

संक्रांतीला लेक माहेरी आली, पेटी घेऊनच. पावसाळा जाऊनही झाकण सरळ होते. तेवढा आतल्या, पॉलिश न केलेल्या कोपऱ्यात नखाएवढा फुगा आलेला. “दादा, हे असंच राहणार का?” तिने विचारले. वर फडके टाकून कोमट इस्त्री दाबली, फेविकॉल पुन्हा मऊ झाला आणि गार होईतो अंगठा तसाच धरून ठेवला. बसला.