मजल, मुक्काम आणि हकीकत

आषाढवारीत तुकोबांची पालखी बारामतीचा मुक्काम हलवून काटेवाडीच्या वेशीत येते, तेव्हा परीट समाजाची मंडळी तिच्यापुढे धोतरांच्या पायघड्या अंथरतात, आणि सकाळपासून झपझप पावले उचलीत आलेला तो अफाट समुदाय जागच्या जागी थबकून, पालखीभोवती मेंढ्यांचे रिंगण धावताना पाहू लागतो. वाटेतला ऊस, कालव्याचे पाट, मधली वस्ती यांतले पुढे फारसे काही आठवत नाही. मेंढ्यांच्या खुरांचा तो दडदडाट मात्र वर्षानुवर्षे कानात राहतो. पुढे बेलवाडीला अश्वांचे रिंगण होते, सराटीला पादुकांना नीरास्नान घडते, आणि या दोन स्थळांमधली वाट पुन्हा भराभर तोडली जाते. सत्यकथनाच्या गतीचा विचार माझ्या मनात प्रथम या वाटेवर आला.

कादंबरीकाराला प्रसंग लांबविण्याची वा गाळण्याची मुभा असते. हकीकत लिहिणाऱ्याला घडले तेच सांगावयाचे असल्यामुळे त्याचे हात बांधलेले आहेत, असा समज सर्वत्र आढळतो. परंतु घटनेला जो काळ लागला तो जरी त्याच्या स्वाधीन नसला, तरी त्या घटनेला किती मजकूर द्यावयाचा हा अखत्यार संपूर्णपणे त्याचाच असतो, आणि काळ व मजकूर यांचे हे सतत पालटणारे प्रमाण म्हणजेच कथनाची गती होय. कुलकर्ण्याच्या दप्तरात बापाच्या मृत्यूनंतर लागलेली वारसनोंद आणि बांधाच्या तंट्याची नोंद सारख्याच दोन ओळींत बसते. दप्तराचा तो गुण आहे. तोच गुण कथनात उतरला की वाचक पेंगू लागतो.

ही विद्या आपल्याकडे नवी नाही. कऱ्हेकाठी बारामतीस बाबूजी नाईकांच्या आश्रयाने पुराण सांगून राहिलेल्या मोरोपंतांनी (१७२९-१७९४) अवघे महाभारत आर्यांमध्ये आणले. आर्या लांबविता येत नाही, मात्रा मोजलेल्या असतात. तेव्हा एखाद्या प्रसंगावर किती आर्या खर्चावयाच्या, एवढ्या एकाच निवडीवर त्यांना आख्यानाची चाल सांभाळावी लागली. विषय गद्याचा असता पद्याचे उदाहरण का घेतले, असे कोणी विचारील. पण रोज श्रोत्यांसमोर बसणाऱ्या पुराणिकाइतकी गतीची जाण एकट्याने लिहिणाऱ्यास सहसा येत नाही. इंदापुरात बालपणी ऐकलेल्या कीर्तनांतही हेच होते: पूर्वरंगातले निरूपण, मध्ये नामाचा गजर आणि बुक्का, मग उत्तररंगातले आख्यान, आणि आख्यान ऐन संकटाशी पोहोचले की बुवा हटकून एखादे पद घेत, झांजा वाजत, आणि आम्ही मुले श्वास रोखून पदाच्या समाप्तीची वाट पाहत असू.

बखरींविषयी येथे विस्तार करीत नाही. त्यांतल्या मोहिमा धावतात आणि दरबारातली संभाषणे रेंगाळतात, एवढे नोंदवून मी विष्णुभट गोडसे यांच्याकडे वळतो, कारण गद्य सत्यकथनाचा याहून थोर मराठी गुरू मला ठाऊक नाही. पेणजवळच्या वरसईचा हा भिक्षुक १८५७ साली द्रव्यार्जनासाठी काकांसमवेत उत्तरेकडे निघाला, बंडाच्या वणव्यात सापडला, झाशीच्या वेढ्यात अडकला; पुढे पुष्कळ वर्षांनी लिहिलेला ‘माझा प्रवास’ चिंतामणराव वैद्यांनी १९०७ मध्ये प्रसिद्ध केला. गोडसे गावामागून गाव मजल दरमजल झपाट्याने ओलांडतात. मात्र झाशी पडल्यानंतर काल्पीच्या बाजूला एका विहिरीपाशी पठाणी वेषातली, धुळीने माखलेली, तहानेने व्याकुळ राणी त्यांना भेटते, तेव्हा कथन पाय रोवून उभे राहते: ते पाणी काढून देण्यास पुढे होतात, आणि विद्वान ब्राह्मणाने आपल्यासाठी पाणी काढू नये म्हणून ती स्वतःच मडके घेऊन पाणी शेंदते व ओंजळीने पिते. राज्य बुडाल्याची वार्ता इतिहासग्रंथही देतात. राज्य बुडाले म्हणजे काय झाले, हे मला त्या ओंजळीत कळले. विहिरीवरचे ते काही क्षण गोडश्यांनी दोन ओळींत उरकले असते, तरी त्यांना कोणी खोटे ठरविले नसते. पण आपण फार मोठ्या ठेव्याला मुकलो असतो.

दि. बा. मोकाशी १९६१ साली ज्ञानोबांच्या पालखीबरोबर चालले आणि १९६४ मध्ये त्यांचे ‘पालखी’ प्रसिद्ध झाले. पावलांचीच लय लेखनाला लाभलेले ते पुस्तक दिवसामागून दिवस सांगत जाते, आणि तरीही सर्व दिवस सारख्या लांबीचे होऊ देत नाही. सोबत चालणाऱ्या माणसाने बोलावयास प्रारंभ केला की मोकाशी थांबून ऐकतात. अनिल अवचटांच्या ‘माणसं’मध्येही कष्टकऱ्याचे काम आधी डोळ्यांसमोर घडते, त्याचा अर्थ मागाहून लागतो.

उजनी धरणात गेलेल्या पळसदेवावर मी लेख लिहिला, तेव्हा हे सारे वाचलेले असूनही मी चुकलो. भूसंपादन, नोटिसा, मोबदला, स्थलांतर यांना मी एकेक परिच्छेद वाटून दिला, आणि लेख फेरफाराच्या वहीसारखा झाला. पुढे एका उन्हाळ्यात जलाशय फार आटला, पळसनाथाचे शिखर आणि खालचे दगडी मंदिर उघडे पडले, तेव्हा मी पुन्हा तेथे गेलो. भेगाळलेल्या गाळात शिंपले रुतलेले होते. एक वृद्ध बाई नातवाचा हात धरून जोत्यांचे दगड न्याहाळीत चालली होती, एका उंबऱ्याच्या दगडाशी ती थांबली, चपला बाहेर काढून आत गेली, आणि कोपऱ्यातल्या भिंतीच्या खुणेपासून पावले मोजीत म्हणाली, “हितं चूल हुती.” नातू चपलांसह आत येऊ लागला, तेव्हा तिने त्याला हाताने थोपविले.

घरी येऊन मी लेख नव्याने मांडला. १९८० साली पूर्ण झालेल्या त्या धरणाची सर्व कागदोपत्री हकीकत दोन वाक्यांत आली. उंबऱ्याबाहेर काढून ठेवलेल्या चपलांना एक संपूर्ण पान लागले.